कसेल त्याची, राहील त्याची : इंडोनेशियातील वसाहतींच्या जमिनीविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आम्ही इंडोनेशियातील स्थलांतरितांच्या शेतकरी वसाहतींविषयी एक लेख छापला होता. दाट वस्तीच्या जावा आणि बाली बेटांवरील भूमिहीन कुटुंबांना सुमात्रा, कालीमंतान, सुलावेसी अशा विरळ वस्तीच्या बेटांवर सरकारी खर्चाने नेऊन, कुटुंबामागे साधारण दोन हेक्टर जमीन देऊन वसवण्याची ही योजना ‘त्रान्समिग्रासी’ या नावाने ओळखली जाते. लेखात भर होता तो इतिहासावर. आलेली पत्रे मात्र बहुतांशी मालमत्तेविषयीची आहेत, आणि तीही ठाणे-नवी मुंबईतील. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमचा मुलगा जकार्ता येथे रसायन कारखान्यात अभियंता आहे. सूनबाई बाली वंशाच्या आहेत, पण त्यांचे माहेर सुमात्रा बेटावरील लांपुंग प्रांतात, मध्य लांपुंग जिल्ह्यातील एका वसाहतीत आहे. बालीतील १९६३ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर त्यांच्या आजोबांना तेथे जमीन मिळाली. व्याही आता अर्धा हेक्टर भातशेती आणि घरालगतची थोडी जागा मुलीला देऊ इच्छितात व ‘जावयाचेही नाव लावू’ असे म्हणतात. नेरूळचे सिडकोचे घर विकून तेथे आणखी जमीन घ्यावी आणि उरलेले आयुष्य दोघांनी तेथेच काढावे, असे आमच्या मनात आहे. मुलाचे नाव लागेल का? जमिनीला पुढे भाव येईल का? माझी दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे, हेही सांगून ठेवतो. (नेरूळ)

उत्तर : नावाचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण त्यात कायद्याने जराही सवड ठेवलेली नाही. इंडोनेशियाच्या १९६० च्या मूलभूत भूमी कायद्याच्या कलम २१ नुसार जमिनीची पूर्ण मालकी, म्हणजे तेथील ‘हाक मिलिक’, केवळ इंडोनेशियन नागरिकाकडेच राहू शकते. आपले चिरंजीव भारतीय नागरिक आहेत तोवर त्यांचे नाव मालकीच्या दाखल्यावर चढणार नाही. व्याह्यांनी प्रेमापोटी ‘जमीन मुलीच्या नावावर, पण खरा मालक जावई’ असा खासगी कागद करून दिला, तर गाठ कलम २६ शी आहे. परदेशी व्यक्तीकडे थेट किंवा आडवाटेने मालकी जावी म्हणून केलेली विक्री, बक्षीस किंवा मृत्युपत्र मुळातच रद्दबातल ठरते, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. मायेने केलेला तो कागद सूनबाईंच्या हक्काच्या जमिनीवरच पाणी सोडायला लावील. व्याह्यांना हे गोड शब्दांत पण स्पष्ट सांगावे.

सूनबाईंच्या एकटीच्या नावावर जमीन होण्यातही दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतील. इंडोनेशियाच्या १९७४ च्या विवाह कायद्यानुसार लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक समजली जाते. आईवडिलांकडून बक्षीस किंवा वारशाने आलेली मात्र ज्याची त्याची राहते. कायद्याचे शब्द सूनबाईंच्या बाजूचे असले तरी नवरा परदेशी आहे असे दिसताच नोंदणी करणारे अधिकारी मालमत्ता विभक्त असल्याचा करार मागतात. हा करार पूर्वी लग्नाआधीच करावा लागत असे. तेथील घटना न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या निकालानंतर तो लग्नानंतरही करता येतो, त्यामुळे राहून गेले म्हणून हळहळण्याचे कारण नाही. नोटरीकडे करार करून विवाह नोंदणीच्या कार्यालयात त्याची नोंद करावी, आणि हे काम जमिनीच्या कागदाच्या आधी उरकावे.

दुसरी गोष्ट व्याह्यांच्या घरातली आहे. बाली समाजात वारसा पित्याच्या वंशातून मुलाकडे जातो. लग्न होऊन दुसऱ्या घरात गेलेल्या मुलीचा वडिलोपार्जित जमिनीवर रूढीने हक्क मानला जात नाही. २०१० मध्ये बालीतील परंपरागत गावांच्या शिखर मंडळाने मुलींनाही आईवडिलांच्या मिळकतीत मुलाच्या निम्मा वाटा द्यावा असे ठरवले, परंतु ठराव झाला म्हणून भावकीतली मने लगेच बदलत नाहीत, हे आपल्याकडील हक्कसोड पत्रांचा इतिहास जाणणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. सूनबाईंना भाऊ असतील तर त्यांची लेखी संमती घेऊन, वडिलांच्या हयातीतच, जमिनीचे दस्त करणाऱ्या अधिकृत अधिकाऱ्यासमोर बक्षीसपत्र करून घ्यावे. त्याहीपूर्वी मूळ दाखला कोणाच्या नावावर आहे ते जिल्ह्याच्या भूमी कार्यालयात पाहावे. अशा कितीतरी घरांत दाखल्यावर आजही आजोबांचेच नाव असते. वारसनोंद झाल्याशिवाय वडिलांनाही ती जमीन देता येणार नाही. दाखला नसून गावप्रमुखाच्या सहीचे नुसते पत्र असेल, तर ते ताब्याचे पत्र आहे, मालकीचे नव्हे.

नको तो प्रसंग, पण विचार करून ठेवावा लागतो. सूनबाईंच्या पश्चात जमीन वारशाने चिरंजीवांकडे आली, तर त्यांना ती एका वर्षाच्या आत इंडोनेशियन नागरिकाच्या नावे करावी लागेल, नाहीतर तीही सरकारकडे जाईल. नातवंडांना तेथील २००६ च्या कायद्याप्रमाणे वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत दुहेरी नागरिकत्व ठेवता येते आणि निवडीसाठी आणखी तीन वर्षे मिळतात. परंतु दुसरे नागरिकत्व जोवर अंगावर आहे तोवर ‘हाक मिलिक’ मिळत नाही, आणि भारत तर दुहेरी नागरिकत्व मानतच नाही. म्हणून नातवाच्या जन्माची नोंद कोठे आणि कशी करायची, हा निर्णय अखेर जमिनीचाही निर्णय ठरतो.

आता भावाविषयी. मध्य लांपुंगच्या बाजूने दोन गोष्टी बोलतात. जावाहून येणारी फेरीबोट जेथे लागते त्या बकाउहेनी बंदरापासून मध्य लांपुंगमधील तेरबांगी बेसारपर्यंतचा सुमारे १४० किलोमीटरचा टोल रस्ता २०१९ मध्ये खुला झाला आणि जिल्हा जकार्ताच्या जवळ आला. दुसरी गोष्ट पाण्याची. ज्या शेताला कालव्याचे पाणी मिळते तेथे भाताची दोन पिके निघतात आणि अशी जमीन सहसा विकायला निघत नाही. टोल रस्त्यावरून उतरल्यावर मात्र चित्र बदलते. लांपुंगच्या आतल्या रस्त्यांची अवस्था २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर इतकी गाजली की तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो स्वतः ते खड्डे पाहायला आले होते. घोडबंदर रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या आमच्या वाचकांना त्यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच की तेथे खड्ड्यात अडकते ते वर्षभराचे पीक.

कोरडवाहू जमिनीचे अर्थकारण समजून घ्यायचे तर कारखान्याच्या वजनकाट्याजवळ तासभर उभे राहावे. कसावा या कंदाच्या पिकात लांपुंग हा इंडोनेशियातील अग्रेसर प्रांत आहे. कंद आठ-दहा महिन्यांनी उपटले की एक-दोन दिवसांत स्टार्चच्या कारखान्यात पोचावे लागतात, नाहीतर ते काळे पडू लागतात. म्हणून ट्रक काट्यावर चढला की शेतकऱ्याची घासाघीस करण्याची ताकद संपते. कारखान्याचा माणूस काही कंद मोडून पाहतो, स्टार्चचे प्रमाण मोजतो आणि माती, ओल व कमी स्टार्च यांपोटी वजनातून शेकड्यात कपात करतो. आपल्या बाजार समित्यांत जो कडता कापला जात असे, त्याचाच हा भाऊ. मात्र तेथे तो पंधरा टक्क्यांच्याही पुढे जातो. २०२५ च्या आरंभी भाव इतके पडले की शेतकरी रस्त्यावर उतरले आणि सरकारने किलोला १,३५० रुपिया, म्हणजे आपले साधारण सात रुपये, असा दर ठरवून दिला. दर ठरला तरी कडत्याचा वाद उरलाच. रबराचेही तसेच. २०११ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय बाजारात रबर तेजीच्या शिखरावर होते तेव्हा या वसाहतींत पक्की घरे आणि मोटारसायकली आल्या. पुढच्या चार-पाच वर्षांत दर त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्याही खाली गेले आणि कित्येकांनी झाडे तोडून कसावा किंवा पाम लावला. थोडक्यात, ओलिताखालची अर्धा हेक्टर जमीन सूनबाईंना मिळत असेल तर ती जपण्यासारखी आहे; कोरडवाहू जमीन पैसे घालून विकत घेण्यासारखी नाही.

शिवाय नेरूळचे घर विकून ‘आपण’ जमीन घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. भारतातून वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवण्याची मुभा आहे हे खरे, परंतु ज्या देशात पैसे जातात त्या देशाचा कायदा मोडून केलेली खरेदी त्या मुभेत बसत नाही. खुद्द इंडोनेशियन नागरिकालाही शेतजमीन जेथे आहे त्या तालुक्याबाहेर राहून ती बाळगता येत नाही, असा १९६१ पासूनचा नियम आहे. जकार्तात राहणाऱ्या सूनबाईंनाही तो लागू पडतो. लोक वसाहतीतल्या पत्त्याचे ओळखपत्र काढून वेळ मारून नेतात, पण आम्ही तसा सल्ला देणार नाही. सूनबाईंची ही अडचण व्याह्यांनी बक्षीसपत्राच्या वेळीच अधिकाऱ्याला विचारून घ्यावी. भातशेतीऐवजी घरालगतचीच जागा मुलीला आणि शेत तेथे राहणाऱ्या भावाला, अशी वाटणी कदाचित सर्वांच्याच सोयीची ठरेल.

घर बांधायला आपण पैसे दिलेत तर ते सूनबाईंना दिलेली भेट समजून द्यावेत, परत येण्याचा हिशेब मनात ठेवू नये. सिडकोच्या साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याला आपण सारे नावे ठेवतो, परंतु तो भाडेपट्टा आपल्या नावावर आहे, त्यावर बँक कर्ज देते आणि गरजेला तो विकता येतो. या तीनपैकी एकही गोष्ट त्या वसाहतीत आपल्या हाती राहणार नाही. आणि अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने तेथे कायम राहायला जाऊ नये असे आमचे मत आहे. तालुक्याच्या ठिकाणचे सरकारी आरोग्य केंद्र लसीकरण, बाळंतपण, ताप यांसाठी चांगले आहे. छातीत कळ आली तर मात्र प्रांताची राजधानी बंदार लांपुंग गाठावी लागते आणि मोठ्या उपचारासाठी सामुद्रधुनी ओलांडून जकार्ता. वर्षातून महिनाभर जावे, गालुंगानच्या सणाला जावे. दर २१० दिवसांनी येणाऱ्या या सणात प्रत्येक दारापुढे वाकवलेला उंच बांबू सजवून उभा करतात, घराच्या कोपऱ्यातील देवघरात नैवेद्य चढतो आणि परसातील डुक्कर कापले जाते. यातील शेवटची गोष्ट विहीणबाईंच्या घरी आपल्या पत्नीला अचानक कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील एका हॉटेलात गुंतवणूकदारांचा मेळावा झाला. मध्य कालीमंतान प्रांतातील स्थलांतरितांच्या वसाहतीत पाम तेलाची बाग, नव्या राजधानीजवळ, एकरी पाच लाख रुपये आणि वर्षाला १२ टक्के उत्पन्नाची हमी, अशी योजना सांगितली गेली. जमीन तेथील गावकऱ्याच्या नावावर राहील, आम्हाला मुखत्यारपत्र आणि कर्जरोखा मिळेल. हे सुरक्षित आहे का? (मानपाडा, ठाणे)

उत्तर : नाही. मुखत्यारपत्र आणि कर्जरोखा हीच ती आडवाट, जिच्याविषयी वरच्या उत्तरात लिहिले आहे. गावकऱ्याने उद्या हात वर केले तर आपण कोणत्या न्यायालयात काय म्हणणार? ‘मी परदेशी असून कायदा चुकवण्यासाठी याच्या नावे जमीन घेतली’ असे सांगताच दावा आपल्याच तोंडाने संपतो.

माहितीपत्रकातील भूगोलही तपासावा. नवी राजधानी नुसांतारा पूर्व कालीमंतान प्रांतात उभी राहत आहे. मध्य कालीमंतान हा शेजारचा, स्वतंत्र आणि अवाढव्य प्रांत आहे. त्याचा दक्षिणेकडील मोठा भाग पीटच्या दलदलीचा, म्हणजे शतकानुशतके कुजत साचलेल्या वनस्पतींच्या थराचा आहे. १९९५ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या सरकारने तेथे दहा लाख हेक्टरांवर भातशेती उभी करण्याचे फर्मान काढले, हजारो किलोमीटर कालवे खणले आणि जावाहून कुटुंबे आणून वसवली. कालव्यांनी दलदलीतील पाणी ओढून घेतले, माती खचली, आम्लता वर आली, भात पिकला नाही आणि १९९७ च्या अवर्षणात तो कोरडा थर जमिनीखालून पेटत गेला. १९९९ मध्ये प्रकल्प अधिकृतपणे गुंडाळण्यात आला. २०१५ आणि २०१९ मध्येही याच भागात आगी लागल्या. अशा जमिनीवरील बागेचे छायाचित्र हिरवेगार येते, कारण पाम पीटवरही वाढतो. पण माती दरवर्षी थोडीथोडी खचत जाते आणि झाडे कलतात. ती आडवी पडू लागतात तोवर मेळावा घेणारे दुसऱ्या हॉटेलात असतात.

जमीन चांगल्या मातीची असती तरी १२ टक्क्यांची हमी कोणी देऊ शकत नाही. पाम तिसऱ्या वर्षापासून फळतो, सातव्यापासून अठराव्या वर्षापर्यंत भरात असतो आणि पंचविशीच्या आसपास इतका उंच होतो की घड काढणे परवडत नाही. मग झाडे पाडून नवी लावावी लागतात आणि तीन वर्षे हाती काही येत नाही. स्थलांतरितांच्या पुष्कळ बागा १९८० आणि १९९० च्या दशकांत लावलेल्या आहेत, म्हणजे त्या आज याच टप्प्यावर आहेत. सरकार लहान शेतकऱ्याला पुनर्लागवडीसाठी अनुदान देते, जे २०२४ पासून हेक्टरी ६ कोटी रुपिया आहे (आपले तीन लाख रुपये आणि वर काही), पण ते तेथील शेतकऱ्याला मिळते. त्यामुळे एजंटाने बाग दाखवली तर पहिला प्रश्न झाडांच्या वयाचा आणि दुसरा गिरणीच्या अंतराचा विचारावा, कारण घड उतरवल्यापासून चोवीस तासांच्या आत गाळपाला गेला नाही तर तेलाचा दर्जा घसरतो. शिवाय भाव सरकारी धोरणावर हलतो. २८ एप्रिल ते २३ मे २०२२ या काळात इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यातच थांबवली. आपल्याकडे फरसाणवाल्यांनी डोक्याला हात लावला, आणि तेथे गिरण्यांनी खरेदी आवरती घेतल्याने लहान शेतकऱ्यांचे घड झाडाखालीच कुजले.

परदेशी माणसाला शेतीत रीतसर शिरण्याचा मार्ग आहे, तो म्हणजे परदेशी गुंतवणुकीची कंपनी. अशा कंपनीला मर्यादित मुदतीचा लागवडीचा हक्क, पहिल्या खेपेस जास्तीत जास्त ३५ वर्षांचा, मिळू शकतो. मात्र त्यासाठी जमीन व इमारती वगळून १,००० कोटी रुपियांहून अधिक, म्हणजे आपल्या पाच कोटी रुपयांच्या पुढची गुंतवणूक दाखवावी लागते. एकरी पाच लाखांचा हिशेब त्यात बसतच नाही. शिवाय अनेकांकडून पैसे गोळा करून, व्यवस्थापन स्वतःकडे ठेवून उत्पन्न वाटण्याची योजना भारतात चालवायची तर सेबीकडे नोंदणी लागते. हा नियम १९९९ मध्ये आला तो १९९० च्या दशकातील साग लागवडीच्या योजनांत मध्यमवर्गाचे हात पोळल्यानंतर. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे, एखाद्या कपाटात त्या सागाच्या झाडांची प्रमाणपत्रे अजून सापडतील.

प्रश्न : आमच्या आजोबांची भातखाचरे आणि मिठागराचा हिस्सा सिडकोच्या संपादनात गेला. इंडोनेशियात सरकारने लाखो कुटुंबांना जमीन दिली असे आपण लिहिता; ती कोणाची होती, आणि ज्यांची होती त्यांना काय मिळाले? (घणसोली)

उत्तर : लेखात जी बाजू अपुरी राहिली तिच्यावरच आपण बोट ठेवले आहे. वसाहतींची सुरुवात डच राजवटीत झाली. १९०५ मध्ये मध्य जावातील १५५ कुटुंबे लांपुंगमधील गेडोंग तताआन येथे आणून वसवण्यात आली. पुढे १९३० च्या दशकात कालव्यांसह मेट्रो हे गाव वसले, जे आज शहर आहे. तेथे आणि पूर्व लांपुंगमध्ये अजूनही गावांना क्रमांकाने हाक मारतात. आलेल्या लोकांना तात्पुरते ठेवण्यासाठी बांधलेल्या शेडना जे क्रमांक होते तेच गावांना चिकटले. सेक्टरच्या आकड्यांत राहणाऱ्या नवी मुंबईकरांना हे परके वाटू नये. स्वातंत्र्यानंतर १९५० पासून ही योजना इंडोनेशियन सरकारने चालवली आणि १९७९ ते १९८४ या पंचवार्षिक काळात, जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधाराने, ती सर्वांत मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. आज लांपुंगमध्ये मूळ लांपुंग लोक अल्पसंख्य असून जावानीज बहुसंख्य आहेत.

ती जमीन लांपुंगच्या ‘मार्गा’ नावाच्या कुळगटांची होती. कुळप्रमुखांनी काही ठिकाणी ती वसाहतीसाठी दिली, काही ठिकाणी ती दिली असे सरकारने धरून चालले. फिरत्या शेतीसाठी पडीक ठेवलेले रान सरकारी नकाशावर ‘रिकामे’ दिसत होते. सातबारा, फेरफार असे काहीच नसल्याने ‘ही आमची’ असे म्हणणाऱ्याकडे दाखवायला होती ती फळझाडे आणि पूर्वजांची थडगी. मोबदला मिळालाच तर बहुधा झाडांचा मिळाला. १९६० चा कायदा रूढीगत हक्कांना मान्यता देतो, पण राष्ट्रहिताच्या अधीन राहून, आणि राष्ट्रहित कशात आहे हे जकार्ताने ठरवले. घटना न्यायालयाने २०१३ मध्ये ‘रूढीगत वने ही सरकारी वने नव्हेत’ असा महत्त्वाचा निकाल दिला, तोवर वसाहतींची तिसरी पिढी शाळेत जात होती.

नवी मुंबईच्या पंचाण्णव गावांची स्थिती यापेक्षा कमी दुःखाची होती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु येथे संपादनाला कागद होता, भांडायला कोर्ट होते, दि. बा. पाटलांसारखे नेतृत्व होते आणि १९८४ च्या जासईच्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पदरात पडली. लांपुंगच्या मूळ रहिवाशांना विकासातील असा वाटा कधीच देऊ केला गेला नाही. तो सल मधूनमधून वर येतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये दक्षिण लांपुंगमधील बालीनुरागा येथे बाली वंशाच्या वसाहतीवर हल्ला झाला, घरे जळाली आणि चौदा जणांचे प्राण गेले. ठिणगी किरकोळ अपघाताची होती. जमिनीचा आणि जुन्या-नव्याचा राग त्याखाली साचलेला होता. कालीमंतानमधील सांपित येथे २००१ मध्ये मूळ रहिवासी दायाक आणि मादुरा बेटावरून आलेले स्थलांतरित यांच्यात उसळलेला संघर्ष याहून फार मोठा होता. नेरूळच्या पत्रलेखकांनी यामुळे घाबरून जाऊ नये, मध्य लांपुंगमध्ये अनेक समाज दशकानुदशके शेजारी नांदत आहेत. मात्र तेथील जमिनीची चौकशी करताना दाखला कोणाच्या नावावर आहे एवढे पाहून थांबू नये, शेजारच्या जुन्या गावात जाऊन त्या जमिनीवर कोणी हक्क सांगतो का, हेही विचारावे. सरकारी वनाच्या हद्दीत वसलेल्या गावांबाबत तर हे फारच आवश्यक आहे, कारण वनजमिनीचा मालकी दाखला निघत नाही, गाव कितीही जुने असो. मेसुजी जिल्ह्यातील ‘रजिस्टर ४५’ हे वनक्षेत्र अशाच वादांसाठी कुप्रसिद्ध आहे.

आणखी एक. वसाहतीतील वाटपाची जमीन ठरावीक वर्षे विकता येत नाही. तरीही विकली जाते, साध्या पावतीवर, आणि पहिल्या काही वर्षांत पीक फसलेली कुटुंबेच प्रामुख्याने ती विकतात. दोन हेक्टरांचे वाटप समान होते. आज त्याच वसाहतीत कोणाकडे दहा हेक्टर तर कोणी त्याच्याकडे मजुरीला जातो. साडेबारा टक्क्यांचे भूखंड हाती पडण्याआधीच बिल्डरला लिहून दिलेली घरे आपल्या आसपास असतील, त्यांना हे कळेल.

प्रश्न : आम्ही दोघे पती-पत्नी शाकाहारी आहोत. जमीन वगैरे घ्यायची नाही. मैत्रिणीच्या ओळखीने लांपुंगमधील जावानीज वसाहतीत काही आठवडे राहावे, शेतात हात लावावा, असे वाटते. काय काळजी घ्यावी? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : अवश्य जावे, येथील चार पत्रांत विनासंकोच होकार द्यावा असे हे एकच आहे. घरे बहुधा पंचवीस गुंठ्यांच्या आवारात असतात, पुढे अंगण, मागे नारळ, फणस, केळी, मिरची आणि कोंबड्या. भात कापणीच्या दिवसांत गावातला डांबरी रस्ता हेच खळे होते, ताडपत्रीवर धान पसरलेले असते आणि वाहने बाजूने जातात. बायकांची भिशी तेथे ‘आरिसान’ नावाने महिन्याला भरते आणि पाहुणीला बोलावल्याशिवाय राहत नाहीत. जेवणात तिन्ही त्रिकाळ भात, सोबत टोफू आणि तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, त्यामुळे उपाशी राहावे लागणार नाही. मात्र चटणीत, म्हणजे सांबालमध्ये, सुक्या कोळंबीचा ‘तेरासी’ सर्रास असतो. ‘मांस खात नाही’ एवढे सांगून तो सुटत नाही, त्याचे नाव घेऊन नको म्हणावे लागते. जुलै ते ऑक्टोबर हा कोरडा काळ असतो, विहिरी खाली जातात आणि काही वर्षी धुराने घसा धरतो. दमा असेल तर हे महिने टाळावेत.

गावात पोचल्यावर यजमानांबरोबर गल्लीच्या प्रमुखाकडे जाऊन पारपत्राची प्रत द्यावी. ‘पाहुण्यांनी २४ तासांत कळवावे’ अशी पाटी पुष्कळ गावांच्या वेशीवर असते आणि ती शोभेची नाही. भारतीय पारपत्रावर आगमनानंतर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा असतो आणि एकदा आणखी ३० दिवस वाढवता येतो. त्यावर काम करण्यास मनाई आहे, बिनपगारीसुद्धा. म्हणून यजमानांच्या शेतात चार रोपे लावण्यापुरताच हात लावावा आणि त्याची छायाचित्रे ‘आम्ही इथे शेतीकाम करतो’ असे लिहून जगजाहीर करू नयेत. जावातील मेराकहून बकाउहेनीला जाणाऱ्या साध्या फेरीला सुमारे दोन तास लागतात. ईदच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा मात्र सोडून द्यावा, कारण तेव्हा अर्धे जावा त्याच धक्क्यावर रांगेत उभे असते.